पूजेतला पाना

"अहो, तो पाना द्या आधी. सगळी हत्यारं धुऊन झाली, तेवढा एकच राहिलाय."

शालन माझ्या डोक्याशी उभी होती. एका हातात सोड्याच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात काथ्या. मी खाली उकिडवा बसून खासनीस वकिलांच्या पांढऱ्या गाडीचं पुढचं डावं चाक चढवत होतो. चारही नट बोटांनी फिरवून बसवले होते. गाडी अजून जॅकवरच होती.

"दोन मिनिटं थांब."

"दोन मिनिटं दोन मिनिटं म्हणत नऊ वाजले. पलीकडच्या लेथवाल्याची आरतीसुद्धा झाली. आपल्याच गॅरेजला मुहूर्त लागत न्हाई."

तो पाना म्हणजे अधिक चिन्हासारखा, चार तोंडांचा लोखंडी पाना. मी गॅरेज काढलं तेव्हा माझ्या उस्तादांनी दिलेला. चाकाचे नट शेवटचे आवळायचे ते त्यानंच, ही माझी पद्धत. आणि खंडेनवमीच्या पूजेत मधोमध मान त्याचाच, हीही माझीच पद्धत. चाक जमिनीला टेकल्यावर नट पक्के आवळायचे असतात. गाडी खाली घेतली की पाना मागून घेऊ, असं मी मनात म्हटलं आणि तो शालनच्या हातात दिला.

पंचवीस वर्षं होत आली. पण तसं मनात म्हटल्याचं मला अजून शब्दासकट आठवतं.

माझं गॅरेज उंब्रजच्या अलीकडे, हायवेला लागूनच. तेव्हा रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं, जिकडंतिकडं खडी आणि वळवलेले रस्ते, त्यामुळे चाकांच्या कामाला तोटा नव्हता. बाहेर पाटी होती, 'पोळ व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग'. पण लोक पाटी बघून येत नसत. विलास पोळ स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवतो आणि सांगतो की दुखणं कुठल्या चाकात आहे, म्हणून येत. पोळ मिस्त्री गाडीची नाडी बघतो, असं कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत म्हणायचे. मीही ते ऐकून घ्यायचो आणि वर मान हलवून 'तसं काही नाही हो' म्हणायचो. मनात मात्र कोंबड्यासारखा तुरा ताठ.

गाडी घेऊन आले होते ते वकिलांचे ड्रायव्हर, सर्जेराव ढाणे. वय त्रेसष्ट. एसटीत तीस वर्षं काढलेली, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. तो बिल्ला त्यांनी कधी कुणाला दाखवला नाही, तरी सगळ्यांना माहीत होता. निवृत्त झाल्यावर ते वकिलांकडे लागले. वकिलांची मुलगी केतकी तेव्हा कॉलेजात होती. तिला आणण्यासोडण्याचं काम त्यांचं. तिच्या लग्नात पाठवणीच्या गाडीचं स्टिअरिंगही त्यांच्याच हातात होतं. आता ती पुण्याला होती, सातवा महिना सरला होता, आणि दसऱ्याच्या दिवशी तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं.

"उद्या सकाळी सातला निघायचं," सर्जेराव मला सांगत होते. "मागच्या सीटवर गादी शिवून घेतलीय. मालकिणीबाई म्हणल्या कशाला, पण मी म्हणलं, रस्ता उकरून ठेवलाय, पोरीला हादरा बसाय नको. म्हणून तर चाकं बॅलन्स करून घेतोय."

"तुम्ही चालवताय म्हटल्यावर हादरा कसला बसतोय?" मी म्हणालो.

ते हसले. मग शालननं घंटी वाजवली आणि आम्ही सगळेच आत गेलो. फळीवर हत्यारं ओळीनं मांडली होती, मधोमध उस्तादांचा पाना, त्यावर झेंडू. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. सर्जेरावांनी टोपी काढून नमस्कार केला. मी प्रसाद वाटला आणि नेहमीचं भाषणही ठोकलं: आता उद्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही, कलेक्टर आला तरी नाही, आमच्या उस्तादांचा दंडक आहे. मग बाहेर येऊन मी गाडी जॅकवरून खाली घेतली, चाकाची टोपी मुठीनं ठोकून बसवली आणि म्हणालो, "न्या, झाली."

पाना मागून घ्यायचा राहिला, हे माझ्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला गाडी परत आली. बैलगाडीच्या वेगानं. पुढं सर्जेराव, मागं एकटे खासनीस वकील. ते उतरले आणि रुमालानं मान पुसत माझ्याजवळ आले. वकील मोठा माणूस, ग्राहक मंचात भल्याभल्यांना घाम फोडणारा, पण बोलणं कायम मऊ.

"पोळ, जरा पेच पडलाय," ते म्हणाले. "साताऱ्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. सर्जेराव म्हणतात, येताना गाडीनं ऐंशी ओलांडले की स्टिअरिंग थरथरतंय. आमच्या हिला वाटतं, थरथरतात ते त्यांचे हात."

सर्जेराव दोन पावलं मागं उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

"बाईंना असं का वाटलं?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात तिला चहा देताना यांच्या हातातला कप बशीवर वाजत होता."

"त्या दिवशी सिलिंडर जिन्यानं वर चढवला व्हता साहेब," सर्जेराव म्हणाले.

"असेल. मी नाही म्हणत नाही. मला मागच्या सीटवर काही फारसं जाणवलं नाही, आणि रस्ताच असा की खडखडतंय काय आणि थरथरतंय काय, सांगता येत नाही. पण उद्या केतकीला आणायचंय. अशा वेळी मला नक्की कळायला हवं." वकिलांनी आवाज खाली आणला. "हिला घरी सोडलं आणि मी म्हटलं, पोळांकडे जाऊ. ते सांगतील ते खरं. गाडीत दोष असेल तर दुरुस्त करा आणि सर्जेराव उद्या पुण्याला जातील. नसेल तर मला दुसरी सोय बघावी लागेल."

एवढं सरळ होतं सगळं.

मी सर्जेरावांकडं वळून डॉक्टरसारखे प्रश्न सुरू केले. "थरथर हातात येते का बुडाखाली?"

"हातात."

म्हणजे पुढची चाकं. मागचं चाक असतं तर सीट हलली असती.

"ब्रेक लावल्यावर वाढते?"

"न्हाई. ब्रेकचा काय संबंध वाटत न्हाई."

"ऐंशीला येते आणि शंभरला जाते, असं?"

"शंभरला नेली कुणी? जाणवलं तसा पाय काढला. पण मिस्त्री, बॅलन्सिंगची थरथर येगळी. ही वाढत चाललीय. आता हळू चालवताना बी डावीकडनं टकटक ऐकू येतंय. मी मधी थांबून चाक बघतो म्हणलो, तर बाई म्हणल्या, दिवाबत्तीला घरी पोचायचंय, गॅरेजवालाच बघंल." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "नट आवळलं व्हतं न्हवं सकाळी?"

मला राग आला. वकिलांसमोर, माझ्या दारात, मला हा प्रश्न!

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "सर्जेराव, हे पोळाचं गॅरेज आहे. बिननटाची गाडी इथनं बाहेर पडत नाही."

"तसं न्हवं, आपलं इचारलं."

"विचारायचं काय त्यात? द्या किल्ली."

ते शेजारच्या सीटकडं निघाले. मी त्यांना थांबवलं. तपासताना गाडीत दुसरं माणूस असलं की माझ्या हाताला कळत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं तर तसं काही नसतं. पण नाडी बघणाऱ्यानं थोडं गूढ ठेवलं तर मान वाढतो. शालनला चहा टाकायला सांगितलं आणि त्या दोघांना पूजेच्या फळीसमोरच्या खुर्च्यांवर बसवून मी एकटाच हायवेला लागलो.

पन्नासपर्यंत काही नाही. साठाला स्टिअरिंग हातात किरकिरायला लागलं. सत्तरला माझी दोन बोटं उडायला लागली. मी वेग कमी केला, काच खाली घेतली आणि ऐकलं. टक, टक, टक. पुढचं डावं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

आणि मला शालनच्या हातातली बादली दिसली.

मी गाडी रस्त्याच्या कडेला, खडीच्या ढिगाआड घेतली. उतरून चाकाची टोपी ओढली तर आतून एक नट घरंगळून माझ्या पायाशी पडला. तोच टोपीत अडकून वाजत होता. दुसरे दोन बोटानं फिरत होते. चौथ्यावर ते चाक साताऱ्याहून इथपर्यंत आलं होतं. आत तीन माणसं बसून. सर्जेरावांनी ऐंशीला पाय काढला नसता, किंवा बाईंच्या घाईपायी तसेच वेगात रेटत राहिले असते, तर चाक एकीकडं आणि गाडी एकीकडं, आणि समोरून वाळूचे ट्रक. मी खाली मातीत बसकण मारली. माझे हात लटलट कापत होते. त्या दिवशी खरोखर कुणाचे हात कापले असतील तर ते माझे.

डिकी उघडली. गाडीबरोबर मिळणारा आखूड पाना होता, खाकी कापडाच्या पिशवीत घातलेला. कलेक्टर आला तरी हत्यार न उचलणाऱ्या मी तो काढला आणि चारही नट आवळले. होता तेवढा जोर लावला. पाना पुसला, पिशवीत घातला, नाडी बांधली, डिकी लावली, टोपी ठोकली. मग गाडी नव्वदला नेऊन बघितली. लोण्यातून सुरी जावी तशी चालली.

परत येताना मी काय ठरवत होतो? खरं सांगतो, काहीच ठरवत नव्हतो. नुसता घामानं भिजलो होतो आणि ग्राहक मंच, पाटी, कऱ्हाड ते सातारा, एवढंच डोक्यात फिरत होतं. गॅरेजसमोर गाडी थांबवली, दार उघडलं, आणि एक पाय जमिनीवर टेकतोय तोवर वकील उठून पुढं आले.

"सापडलं काही?"

"नाही," मी म्हणालो. "गाडीत काही नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण उचलली ती अशी लागली की परत खाली घेता आली नाही. नंतर जेवताना सुचलं की रिममध्ये चिखल अडकला होता, काढला, असं तरी म्हणायचं. चिखलानंसुद्धा चाक थरथरतं, कुणीही मानलं असतं. माझंही नाव राहिलं असतं आणि त्या माणसाचंही. खोटंच बोलायचं तर शंभर खोटी होती हाताशी. मी नेमकं ते उचललं जे दुसऱ्याच्या मानेवर पडणार होतं.

सर्जेराव खुर्चीवरून उठले नव्हते. "काहीच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नव्वदला नेली सर्जेराव. चला, दाखवतो."

मी वकिलांना शेजारी बसवलं आणि नव्वदला नेली. "हात लावून बघा साहेब," असंही म्हणालो. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं टेकवली आणि मान हलवली. मग सर्जेरावांना चालवायला दिली. मी मागं बसलो. त्यांनी ऐंशी केले, नव्वद केले, पुन्हा साठावर आणून पुन्हा नव्वद केले. गाडी एका रेषेत चालत होती. त्यांचे हातही स्टिअरिंगवर दगडासारखे स्थिर होते, ते मला मागून दिसत होतं. वकिलांनाही दिसत असेल. पण एकदा निकाल लागल्यावर पुरावा कोण बघतो?

"आता येत न्हाई," सर्जेराव म्हणाले. "मघाशी येत व्हतं."

वकिलांच्या चेहऱ्यावर संशय असता तर बरं झालं असतं. दया होती.

गॅरेजसमोर उतरल्यावर सर्जेराव मागं गेले आणि काच पुसायचं फडकं घ्यायला म्हणून त्यांनी डिकी उघडली. जरा वेळ तिथंच वाकून उभे राहिले. मग फडकं न घेताच त्यांनी डिकी हळूच लावली. पुढं येऊन चाकाकडं बघितलं, आत पूजेच्या फळीकडं बघितलं. पण ते काही बोलले नाहीत.

"सर्जेराव," वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "आयुष्यभर स्टिअरिंग धरलंत. आता या हातांना विश्रांती द्या. यात कमीपणा नाही. उद्याच्यासाठी मी दुसऱ्या कुणाला सांगतो. केतकीला तुम्ही घरी येऊन भेटाच."

"बरं साहेब."

"आज मीच चालवतो घरापर्यंत. तुम्ही बसा शेजारी."

सर्जेरावांनी किल्ली वकिलांच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन बसले. तिथं बसायची सवय नसल्यानं त्यांना पट्टा सापडेना. वकिलांनी वाकून लावून दिला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच न्यायाधीश होता.

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजसमोर हार घालून गाड्या उभ्या होत्या. मी फुलं उचलत होतो, पूजा हलवायची होती. आणि समोरून सर्जेराव चालत येताना दिसले. पांढरीशुभ्र टोपी, हातात आपट्याची पानं.

सोनं घेऊन जायचं ते लहानानं मोठ्याकडं. मी चौतीसचा, ते त्रेसष्टचे. आणि ते माझ्या दारात आले.

"सोनं घ्या मिस्त्री. सोन्यासारखं ऱ्हावा."

मी पान घेतलं आणि वाकून पायाला हात लावायला गेलो, तर त्यांनी मला दंडाला धरून मधेच थांबवलं.

"पूजा हलवली का?"

"हलवतोय आत्ताच."

"मग आता हत्यार उचलाय हरकत न्हाई. संध्याकाळी पोरीला घेऊन गाडी हितनंच जाणार. सकाळी गाडी निघताना नट हातानं बघितलं, हलत न्हवतं, पण तुमची पूजा मांडलेली व्हती; म्हणून नव्या ड्रायवरला सांगून आलोय, येताना मिस्त्रीनं दोन मिनिटं थांबाय सांगितलंय. त्या डाव्या चाकाला तुमचा ह्यो पाना लावा एकदा. डिकीतला आखूड हाय. त्यानं जोर लागत न्हाई."

"डिकीतला?"

"ती पिशवी माझ्या वर्दीच्या कापडाची हाय. मीच शिवलीय. तिच्या नाडीला मी गाठ मारत न्हाई, नुसता फास टाकतो, वक्ताला एका हातानं सुटावा म्हणून. काल गाठ व्हती." ते एवढं अगदी सहज बोलले, हवापाण्यावर बोलावं तसं. "आन् पूजेतल्या पान्याच्या तोंडात अक्षता तशाच व्हत्या. सकाळपास्नं कुणी हलवला नव्हता त्यो."

"मग काल बोलला का नाही तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलोच. माझी चूक आणि आवाज माझाच चढलेला. "तिथंच वकिलांना सांगायचं!"

"काय सांगायचं? वकिलांनी मला इचारलं न्हवतं. तुमास्नी इचारलं व्हतं."

मी म्हणालो, "मी सांगतो. आज गाडी थांबली की सांगतो वकिलांना. सगळं."

"ते तुमचं तुमी बघा," सर्जेराव म्हणाले. "चाक तेवढं बघा. पोर दोन जिवांची हाय."

आणि ते गेले.

दिवसभर मी वाक्य जुळवत होतो. साहेब, काल माझ्याकडून चूक झाली. साहेब, सर्जेरावांच्या हाताला काही झालेलं नाही. शालनलाही सांगितलं नाही. तिला वाटलं, सणाचं गोड जास्त झालं. ती सकाळी पाना मागायला आली नसती तर, असा विचारही मी एकदोनदा करून बघितला. वड्याचं तेल वांग्यावर काढायची सवय एकदा लागली की घरचं वांगंसुद्धा सुटत नाही.

साडेपाचला गाडी थांबली. नवा ड्रायव्हर तरणाबांड, गॉगल लावलेला. वकील उतरले, बाई उतरल्या, आणि मागून सर्जेरावांच्या गादीवरून उठत, दाराला धरत केतकी उतरली.

"पाय आखडलेत," ती म्हणाली. "काय रस्ता आहे! माझा आणि बाळाचा दोघांचा खुळखुळा झालाय."

"पोळ, कशाला थांबवलंत?" वकिलांनी विचारलं.

"नट बघतो साहेब. लांबच्या प्रवासानंतर बघावेत."

"बघा, किती काळजीनं करतात," वकील बाईंना म्हणाले.

मी टोपी काढून पाना लावला. सकाळी फुलं उचलली तेव्हा त्याचं तोंड पुसायचं राहून गेलं होतं. आतलं कुंकू नटांना लागलं. पहिला नट पाव फेरा आत गेला. दुसरा अर्धा फेरा. सर्जेराव म्हणाले तेच खरं होतं, आखूड पान्यानं जोर लागलाच नव्हता.

माझ्या डोक्यावर केतकीचा आवाज आला. "आई, पुण्यापासून विचारतेय, सर्जेकाका का नाही आले मला आणायला? मी वाट बघत होते. त्यांनीच आणायचं ठरलं होतं आमचं."

"अगं, हात थरथरतात त्यांचे आता," बाई म्हणाल्या. "काल मला डोळ्यांनी दिसलं. तरी बाबांनी खात्री करून घेतली. ह्या मिस्त्रींनीच तर गाडी तपासली."

केतकी जरा वाकली. त्या अवस्थेत जेवढं वाकता येईल तेवढं. "खरंच का हो? काकांचे हात?"

दिवसभर जुळवलेलं वाक्य तोंडाशी होतं. पाना माझ्या हातात होता, कुंकवानं लाल झालेले चार नट समोर होते, बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तीन माणसं उभी होती, चौथा गॉगलवाला. आणि पाटी होती वर, माझ्या नावाची.

"हो ताई," मी म्हणालो. "वय झालं त्यांचं."

टोपी बसवली. मुठीनं ठोकली.

पुढं वकिलांनी सर्जेरावांना अंतर दिलं नाही, दर दिवाळीला मिठाई आणि धोतरजोडी जात राहिली. पण गाडी कुणी दिली नाही, वकिलांनी नाही आणि दुसऱ्या कुणीही नाही. पोळ मिस्त्रीनं तपासलं म्हटल्यावर कोण देतो? त्यांच्या गावातला एकजण मला कौतुकानं सांगायचा की म्हातारा आता चहाचा कपसुद्धा चारचौघांत उचलत नाही, खाली ठेवूनच बशीत ओततो. मी कधी त्यांच्या गावाला गेलो नाही. ते वारले तेव्हाही नाही. वकीलही गेले. आता सांगायचं तरी कुणाला? इतकी वर्षं मी हे पोटात घेऊन लोकांच्या गाड्यांची नाडी बघतोय आणि लोक अजून म्हणतात, पोळ मिस्त्रीचा हात म्हणजे काय बोलायचं. मला त्या हाताची लाज वाटते.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलं.

गाडी कऱ्हाडच्या दिशेनं निघून गेली. मी पाना हातात घेऊन तसाच उभा होतो. समोर, रस्त्याच्या पलीकडं, एसटीच्या थांब्यावर दगडावर कुणीतरी बसलं होतं. उठलं, टोपी नीट केली, आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं यायला लागलं. सर्जेराव. किती वेळ बसले होते कोण जाणे. केतकी उतरली, बोलली, परत बसली, ते सगळं त्यांनी तिथून बघितलं असणार. ऐकू गेलं नसेल. मधे रस्ता होता.

ते माझ्यासमोर येऊन थांबले. मला वाटलं, आता विचारतील, सांगितलं का? मी उत्तरही शोधायला लागलो. पण त्यांनी माझ्या हातातल्या पान्याकडं बघितलं.

"बसले का नट?"

"बसले," मी म्हणालो.

"चारी?"

"चारही."

ते जरा वेळ उभे राहिले. मी आणखी काही बोलीन म्हणून असेल. माझ्या शर्टाच्या खिशात त्यांचं सकाळचं आपट्याचं पान होतं. मी खाली बघत राहिलो.

"मग झालं," ते म्हणाले, आणि आलेल्या एसटीला त्यांनी हात केला. न थरथरता, सरळ, ड्रायव्हरला लांबून दिसावा असा.